अंक निघाला, हीच बातमी

छोट्या मासिकांच्या आनंदवार्ता साधारण एकाच साच्याच्या असतात. अमुक लेखिकेच्या कथेला नामांकन मिळालं, तमुक कथा वर्षातल्या निवडक कथांच्या संग्रहात गेली, वर्गणीचा आकडा गाठला, चित्रकाराला मुलगी झाली. आणि सगळ्यात शेवटी, हळूच, पुढचं वर्ष निघेल असं दिसतंय. इंग्रजीतल्या विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या ऑनलाइन मासिकांची अशी निवेदनं मी बरीच वर्षं वाचतो आहे. कथांइतक्याच आवडीने, कधी कधी जरा जास्तच. पेढ्यांच्या पुड्याखाली जमाखर्चाची वही ठेवलेली असते, ती त्यात दिसते.

'स्ट्रेंज होरायझन्स' घ्या. श्रीलंकेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या मेरी ॲन मोहनराज यांनी ते सप्टेंबर २००० मध्ये सुरू केलं. दर सोमवारी नवा अंक आणि वाचायला फुकट. लेखकाला मानधन मिळतं, संपादकाला छदाम मिळत नाही. दिल्लीचे वकील आणि राज्यघटनेचे अभ्यासक गौतम भाटिया इथे संपादक, कोलंबोचे वज्र चंद्रसेकर इथे कथाविभाग सांभाळत होते. म्हणजे दिवसभराचं काम उरकून जगभरची माणसं रात्री कथांचे ढीग उपसतात. खर्च वाचकांकडून दरवर्षी गोळा केलेल्या निधीतून भागतो. गणेशोत्सवाच्या मंडळासारखंच, फक्त पावतीपुस्तक घेऊन दारात कोणी उभं राहत नाही. दहाहून अधिक वर्षं नामांकनावरच समाधान मानलेल्या या मासिकाला २०२४ मध्ये ग्लासगोला ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी चंद्रसेकरांच्या पहिल्याच कादंबरीला नेब्युला पुरस्कार मिळाला. इतकी चांगली बातमी एका वर्षात आली, तरी निधीचं आवाहन पुढेही चालूच राहिलं.

पैशाचं गणित सरळ आहे. अमेरिकेतल्या विज्ञानकथा-अद्भुतकथा लेखकांच्या संघटनेने व्यावसायिक मानधनाचा किमान दर २०१९ पासून शब्दाला ८ सेंट ठरवला. पाच हजार शब्दांची एक कथा म्हणजे ४०० डॉलर. महिन्याला चार-पाच कथा, वर कविता, चित्रं, ध्वनिमुद्रण. आणि वाचणाऱ्याला दाम द्यायची सक्ती नाही. ज्यांना किंडलवरून वर्गणीदार मिळत होते, त्यांचा तो आधारही गेला. ॲमेझॉनने २०२३ मध्ये मासिकांच्या वर्गणीची ती व्यवस्था बंद केली आणि प्रत्येक संपादकावर जुना वर्गणीदार हाताला धरून दुसऱ्या दारातून आत आणायची पाळी आली. 'शिमर' २०१८ मध्ये थांबलं, 'फायरसाइड' २०२२ मध्ये. 'साय फिक्शन'ची गोष्ट तर याहून जुनी. ऑनलाइन प्रसिद्ध झालेल्या कथेला पहिला नेब्युला मिळाला तो तिथल्या लिंडा नागाटा यांच्या लघुकादंबरीला. पाठीशी एक अख्खी दूरचित्रवाहिनी होती, तरी २००५ मध्ये गाशा गुंडाळावा लागला. पुरस्कारांनी मासिक जगतं हा समज तेव्हाच मोडायला हवा होता.

कथांच्या बाबतीत मात्र या मंडळींनी बाजी मारली, हे कबूल करायला हवं. नील क्लार्क यांचं 'क्लार्क्सवर्ल्ड' २००६ पासून निघतं. कोणत्या कथा आमच्या गळी उतरवणं कठीण, याची एक खट्याळ यादी त्यांच्या नियमावलीत असे. झोंबी नकोत, बोलणाऱ्या मांजरी नकोत, बोलणाऱ्या तलवारी नकोत, मैदानात खेळणाऱ्या पोरांना काहीतरी सापडतं अशा कथाही नकोत, मग ते काहीतरी काहीही असो. ढिगातलं दहा हजारावं हस्तलिखित वाचलेल्या माणसालाच अशी यादी सुचते.

याच मासिकात जानेवारी २०१५ मध्ये नेओमी क्रिट्झर यांची 'कॅट पिक्चर्स प्लीज' आली. मांजर आहे, पण बोलत नाही. बोलतं ते यंत्र. इंटरनेटवर कुठेतरी जागं झालेलं हे यंत्र माणसांचं भलं करायला निघतं. कोणाला चुकीच्या नोकरीतून बाहेर काढ, कोणाला डॉक्टरकडे धाड, असे त्याचे उद्योग. माणसं कशी हट्टाने आपल्याच हिताच्या आड येतात, ते पाहून ते जेरीस येतं. मोबदला म्हणून मागतं काय, तर मांजरांचे फोटो. एखादी समंजस पण नाक खुपसणारी मावशी बोलावी तसा कथेचा सूर आहे. २०१६ चा ह्यूगो तिला मिळाला.

आठ वर्षांनी खरं यंत्र त्याच दारात आलं, पण मावशी होऊन नव्हे. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्लार्क यांना माणसांनी लिहिलेल्या सुमारे ७०० कथांसोबत यंत्राने लिहिलेल्या ५०० कथा आल्या आणि त्यांनी कथा स्वीकारणंच काही काळ थांबवलं. त्या दिवसांत त्यांनी एक आलेख प्रसिद्ध केला होता. वर्षानुवर्षं जमिनीला चिकटलेले ठोकळे आणि उजव्या टोकाला एकदम उभा राहिलेला मनोरा. 'असिमोव्ह्ज'च्या संपादक शीला विल्यम्स यांच्याकडे तर 'अखेरची आशा' या अर्थाच्या एकाच शीर्षकाच्या वीसहून अधिक कथा आल्या. झटपट पैसे मिळवण्याचे धडे देणाऱ्या कोणीतरी शब्दाला इतके सेंट हे ऐकलं असावं. पाठवणाऱ्यांनी ते मासिक उघडूनही पाहिलं नसणार.

या पुराबद्दल हळहळताना एक मुद्दा निसटतो. अशा मासिकाची खरी कमाई छापलेल्या कथांत जेवढी, तेवढीच नाकारलेल्या कथांत आहे. 'क्लार्क्सवर्ल्ड'चं उत्तर बहुधा काही दिवसांत येतं, ही त्याची ख्याती. आपल्याकडे 'साभार परत' हा शब्दप्रयोग उरला आहे, कृती मात्र गेली. माझ्या एका कथेचं काय झालं ते मला अकरा वर्षांनीही कळलेलं नाही. दिवाळी अंक जाहिरातींवर उभा असतो आणि वर्षातून एकदाच निघतो, त्यामुळे मराठी विज्ञानकथेला तालीम कमी आणि प्रयोगही एकच. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी आपली आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' पाठवली होती. नाव न बघता वाचणारं कोणी आहे, असा भरवसा असल्याशिवाय असा खेळ सुचत नाही. तो भरवसा ऑनलाइन मासिकं बारमाही पुरवतात.

कौतुक झालं, आता तक्रार. गेली काही वर्षं या कथा एकमेकींसारख्या दिसू लागल्या आहेत. वर्तमानकाळातलं निवेदन, पहिल्या परिच्छेदात एक मृत्यू, मध्ये क्रमांक घातलेले तुकडे, आणि भूत किंवा ड्रॅगन निघतो तो दुःखाचं रूपक. सोफिया समातार यांची 'सेल्की स्टोरीज आर फॉर लूझर्स' २०१३ मध्ये 'स्ट्रेंज होरायझन्स'मध्ये आली, तेव्हा ही घडी नवी होती. हॉटेलात वाढपीकाम करणारी, आई सोडून गेलेली मुलगी सेल्कीच्या, म्हणजे माणसाचं रूप घेणाऱ्या सीलच्या, लोककथेवरच चिडते. तिचा राग खरा वाटतो, कारण रूपक तिला नकोसंच आहे. नंतरच्यांनी तुकडे घेतले, राग घेतला नाही. मला वाटतं, याचं एक कारण वाचकवर्गात आहे. इथे वाचणारे बरेचसे स्वतः लिहिणारे. पंगतीला बसलेलेच पुढच्या पंगतीचे वाढपी. जेवणापेक्षा वाढण्याच्या पद्धतीची चर्चा जास्त व्हायचीच.

अशा वेळी नवी चव बाहेरून येते. चिनी लेखिका हाओ जिंगफांग यांची घडी घातलेल्या बेजिंग शहराची कथा केन लिऊ यांच्या अनुवादातून 'अनकॅनी' मासिकात आली, ती २०१५ मध्ये. एकाच जमिनीवर पाळीपाळीने उलगडणारी तीन शहरं, आणि गरिबांच्या वाट्याला सगळ्यात कमी तास. निरोप पोचवायला जिवावर उदार होऊन वरच्या शहरात चढतो तो कचरा वेचणारा. मुंबईच्या वाचकाला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. 'स्ट्रेंज होरायझन्स'ने २०१७ मध्ये 'समोवार' हे अनुवादांचं भावंड सुरू केलं. तिथे इंग्रजी अनुवादासोबत मूळ भाषेतली कथाही देतात. आपल्याला अजिबात न कळणाऱ्या लिपीतला एखादा परिच्छेद पाहत मी तिथे उगीच थांबतो आणि त्यातली अवतरणचिन्हं मोजून संवाद कुठला असेल ते शोधतो. सापडला की मग इंग्रजीकडे वळतो.