बोट ठेवून वाचायचं पुस्तक

अंकलिपीला लेखक नसतो. मुखपृष्ठावर प्रकाशकाचं नाव असतं, एखाद्या प्रतीवर संपादकाचंही असतं, पण ते कुणी वाचत नाही. वाचनालयात तिची नोंद होत नाही, तिच्यावर परीक्षण येत नाही. तरी मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सर्वांत आधी मुलाच्या हाती पडलेलं चित्रांचं पुस्तक कोणतं, असं विचारलं तर मी हेच नाव घेईन.

पारनेरच्या आठवडे बाजारात ती वह्या, पाट्या आणि खोडरबरांच्या शेजारी प्लास्टिकच्या कागदावर मांडलेली असते. निघोजला मळगंगेच्या यात्रेत आणि पिंपळगाव रोठ्याला कोरठणच्या खंडोबाच्या यात्रेत शिट्ट्या-फुग्यांच्या गर्दीतही दिसते. नातवंड तीन वर्षांचं झालं, आता अंगणवाडीत बसवायचं ठरलं, की आजोबा भाजीच्या पिशवीत कांद्या-वांग्यांवर आडवी ठेवून ती घरी आणतात. शिक्षणाचा विचार करणारी माणसं मात्र तिला पाठांतराचं पुस्तक म्हणून बाजूला सारतात. तिचा अर्धा भाग तसा आहेही. पण पुढची वीस-बावीस पानं चित्रपुस्तक म्हणून उघडून पाहावीत, सावकाश, आणि जमलं तर चार वर्षांच्या मुलाशेजारी बसून पाहावीत.

पान उघडलं की चौकटी. प्रत्येक चौकटीत एक अक्षर, एक चित्र आणि खाली शब्द. छपाई चार रंगांची आणि घाईची. टोमॅटोचा लाल रंग रेषेबाहेर सरकलेला, पोपटाची चोच दोनदा उमटल्यासारखी. चित्राखाली जमीन नाही, मागे आभाळ नाही, वस्तूला सावली नाही. प्राण्यांच्या पानावर हत्ती आणि उंदीर एकाच मापाचे. मोठ्यांच्या डोळ्याला हे सगळं कच्चं वाटतं. चार वर्षांच्या डोळ्याला मात्र त्यात एक सोय आहे: चौकटीत एकच वस्तू असल्याने बोट नेमकं तिच्यावरच पडतं. ‘हे काय?’ आणि ‘हा कोण?’ या दोन प्रश्नांवर सगळं पुस्तक चालतं, आणि या प्रश्नांना इथे चुकायला जागा नाही. उंदीर हत्तीएवढा आहे म्हणून एकही मूल गोंधळलेलं मी पाहिलेलं नाही. उलट मांजराची चौकट उंदराच्या शेजारी आली, की बोट तिथेच घुटमळतं. आता मांजर काय करेल? चित्रकाराने चौकटी नुसत्या ओळीने लावल्या होत्या, मूल त्यांच्या मधली रेघ पुसून टाकतं.

खरी करामत आहे ती म्हणण्यात. अ अननसाचा, आ आईचा, ए एडक्याचा, ऐ ऐरणीचा, छ छत्रीचा, स सशाचा. हा ठेका कुणी बसवला माहीत असण्याचं कारण नाही, पण त्यात मराठीचा एक अवघड भाग सहज गळी उतरतो. चौकटीखाली छापलेलं असतं ‘एडका’, तोंडातून निघतं ‘एडक्याचा’. छापलेलं ‘ससा’, म्हणायचं ‘सशाचा’. ‘ठसा’चं ‘ठशाचा’. पुढे व्याकरणात ज्याला सामान्यरूप म्हणतात आणि मराठी नव्याने शिकणारी मोठी माणसं ज्याच्यापुढे हात टेकतात, ते हे मूल अंगणवाडीच्या आधीच, ओट्यावर पाय हलवत, पन्नास वेळा करून मोकळं होतं. ‘ऊ उसाचा’मध्ये तर मौज अशी, की शिकवायचा आहे दीर्घ ऊ, चित्र उसाचं आणि शब्द म्हणताना तो दीर्घ ऊ ऱ्हस्व झालेला. मुलाला त्याची पर्वा नसते. त्याला ऊस दिसतो, गोड लागतो, पुढे चला. अक्षर ओळखणं ही इथे पहिली पायरी नाहीच. आधी कान आणि जीभ तयार होतात.

आणि मग ती चित्रं. स्वरांच्या पानावर उखळ आहे, ऐरण आहे, औत आहे. एका काळी ही निवड अगदी घरगुती होती, कारण तेव्हा हे सगळं प्रत्येक वाडीत दिसे. आज पारनेर तालुक्यातही नांगरट ट्रॅक्टरने होते, कांडण गिरणीत आणि मिक्सरमध्ये होतं, आणि रस्त्याकडेला पाल ठोकून विळे-खुरपी शेवटणारे घिसाडी क्वचित दिसतात. म्हणजे मुलाला जे ठाऊक असायचं, तेच आता त्याला सांगावं लागतं. पुस्तक जुनं झालं, असं म्हणत कुणी हा दोष दाखवील. मी ते पान फार मोलाचं मानतो. कारण तिथे थांबावं लागतं. आई पुढे सरकते, आजी थांबते. आमच्या शेजारच्या आजी उखळाच्या चौकटीवर आल्या, की ‘ह्यात आम्ही बाजरी कांडायचो, पहाटं’ असं म्हणून हाताची मूठ वर-खाली करून दाखवतात. नात तीच मूठ करते. मग मुसळ कुठे गेलं, हा प्रश्न येतो, कारण चित्रात नुसतं उखळ आहे. मुसळ आजींनी बोटाने हवेत काढून दाखवलं. छापील चित्रात जे राहून गेलं होतं, ते दोघींनी मिळून पुरं केलं.

याच नातीने ‘न नळाचा’ची चौकट पाहिली तेव्हा ती ‘नळ’ म्हणाली नाही. नळाच्या तोंडाशी निळा थेंब काढलेला आहे, त्यावर बोट ठेवून ती ओरडली, ‘पाणी आलं!’ गल्लीत पाणी सुटलं की जसं ओरडतात, अगदी त्याच सुरात. पारनेर हा पर्जन्यछायेतला तालुका. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावं इथे नवी नाहीत, आणि पाणी येणं ही इथे घटना असते. त्या मुलीने वस्तू वाचली नाही, प्रसंग वाचला. अक्षर शिकवणाऱ्याला वाटेल, उत्तर चुकलं. माझ्या मते त्या पानाचं याहून चांगलं वाचन होणार नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळांत अलीकडे ‘शाळापूर्व तयारी मेळावा’ भरतो. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी वेगवेगळी टेबलं मांडतात. भाषेच्या टेबलावर मुलाला चित्र दाखवून ‘काय दिसतंय, सांग’ असं विचारतात. अक्षर काढायला सांगत नाहीत. ‘पाणी आलं’ म्हणणारी मुलगी त्या टेबलाशी कधीच तयार होऊन उभी आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने 2020 मध्ये तीन ते आठ वर्षं हा एक सलग पायाभूत टप्पा मानला, त्यामागेही हीच समज आहे: पाहणं, बोलणं, ऐकणं, हाताळणं आधी, लिहिणं त्यानंतर.

मराठी मुलखात हे नवीन नाही. 1926 मध्ये गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बालशिक्षण संघ उभा करणाऱ्या ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला आल्या, तिथे अनुताई वाघ त्यांना मिळाल्या, आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर काम रुजलं. बालवाडीत मूल येत नसेल तर बालवाडी पाड्यावरच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार. बिया, शिंपले, पानं, माती हीच त्यांची साधनं. 1975 च्या 2 ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हळूहळू ‘अंगणवाडी’ घरोघरी पोचली. पारनेरच्या वाड्या-वस्त्यांवरच्या अंगणवाडीताई आज खिचडी शिजली का हेही पाहतात, वजनं घेतात, रजिस्टरं भरतात आणि त्यातून वेळ काढून भिंतीवरच्या तक्त्यापाशी मुलांना गोळा करतात. त्या तक्त्यावर बहुधा अंकलिपीचंच पान मोठं करून छापलेलं असतं.

चित्र आणि अक्षर शेजारी ठेवण्याची कल्पना कधी मोठी क्रांतिकारक होती, हे आपण विसरतो. पंतोजींच्या शाळेत ओनामासीधं करून धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवायचं. तिथे अननस नव्हता, आई नव्हती, नुसतं अक्षर. तिकडे युरोपात कोमेनियस या चेक शिक्षकाने 1658 मध्ये न्यूरेंबर्गला मुलांसाठी चित्रांचं पुस्तक छापलं. त्याच्या मुळाक्षरांत बहुतेक अक्षरांसोबत एक आवाज करणारा जीव आहे: ओरडणारा कावळा, बें बें करणारं कोकरू, रडणारं तान्हं मूलसुद्धा. अक्षर म्हणजे मुळात आवाज आहे, हे त्याने चित्रातून ऐकवलं. आपल्या अंकलिपीत वस्तू गप्प असतात. एडका नुसता उभा असतो, ओरडत नाही. तो आवाज घरातल्या माणसाने काढायचा. धवळपुरीकडच्या धनगराच्या घरात तो आवाज शिकवावा लागत नाही, मूलच तो मोठ्या माणसाला शिकवतं.

आता ज्यावर दुसऱ्या अर्थाने बोट ठेवायला हवं, ते. अंकलिपीचा मागचा भाग म्हणजे बाराखडी, शंभरपर्यंत आकडे, तीसपर्यंत पाढे, इंग्रजी मुळाक्षरं, नक्षत्रं, ऋतू. पुढच्या पानांवर रमलेलं मूल पालक या पानांवर ओढत नेतात. तीन वर्षांच्या मुठीत पेन्सिल कोंबून ‘ग म भ न’ गिरवून घेतात. ही अक्षरं आकाराने एकमेकींची नातेवाईक आहेत म्हणून आधी शिकवायची, ही पद्धत चांगलीच आहे, पण तिची वेळ पुढे आहे. बोटांना आधी कणकेचा गोळा हवा, मुगाच्या शेंगा सोलायला हव्यात, वाटाण्याचे दाणे वाटीत टाकायला हवेत. पारनेरच्या वाटाण्याच्या हंगामात यासाठी वेगळं साहित्य विकत आणावं लागत नाही. मागची पानं त्या वयात उघडूच नयेत, असं मी घराघरात सांगेन. आणखी एक दोष मला टोचतो. ‘आपले मदतनीस’च्या पानावर डॉक्टर, शिपाई, शेतकरी सगळे बहुधा पुरुष, आणि बाई दिसते ती चुलीपाशी. ज्या तालुक्यात कांद्याची लागण आणि काढणी बायकांच्या हातांवर चालते, तिथल्या मुलीने ‘शेतकरी’च्या चौकटीत आपली आई का पाहू नये?

मग इथल्या मुलांसाठी इथलीच अंकलिपी काढावी का? क कांद्याचा, ब बाजरीचा, ह हुलग्याचा, ट टँकरचा, र रांजणखळग्याचा. कुकडीच्या पात्रातले निघोजचे ते खळगे ‘र’ला शोभतील, आणि एखादी अंगणवाडीताई जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मुलांच्या मदतीने असं पुस्तक सहज करू शकेल. करावंच. पण त्यासाठी जहाज, शहामृग आणि अननस हाकलू नयेत. समुद्र न पाहिलेलं मूल ‘ज जहाजाचा’वर किती वेळ थांबतं, ते पाहण्यासारखं असतं. पाण्यावरचं घर कसं चालतं, हे त्याला कळत नाही आणि ते विचारत राहतं. शाळेत जायचं म्हणजे ओळखीच्या उंबऱ्याबाहेर जायचं. त्याची पहिली सवय, आजीच्या मांडीवर बसून, या अनोळखी चौकटी लावतात.

शेवटची चौकट ज्ञ ची. काही प्रतींत तिथे यज्ञ असतो. मला ज्ञानेश्वर असलेली प्रत आवडते, आणि ते आमच्याच जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून गेले म्हणून नव्हे. म्हणताना बघा: क कमळाचा, ह हत्तीचा, आणि एकदम, ज्ञ ज्ञानेश्वरांचा. सबंध मुळाक्षरांत हा एकच ‘-चा’ आदराने अनुस्वार घेऊन येतो. कुणाला काय म्हणायचं आणि कसं म्हणायचं, याचा धडा न देता धडा. शिवाय इथवर, एक आई सोडली, तर बहुतेक वस्तू आणि प्राणी होते, इथे कुणीतरी आहे. त्यामुळे या चौकटीवर ‘हे काय?’ चालत नाही, ‘ह्यांनी काय केलं?’ असं विचारावं लागतं. आजी चालत्या भिंतीची गोष्ट सांगू लागतात, आणि पुस्तक अपुरं पडतं. एका चौकटीत भिंत चालवता येत नाही. त्यासाठी पानामागून पान हवं, एकच माणूस पुन्हा पुन्हा दिसायला हवा.

अंकलिपीत आणखीही एक गोष्ट नाही: घर सोडून जाण्याची धाकधूक. तिच्यात आई आहे, पण ती ‘आ’च्या चौकटीत हसत उभी आहे, ती उठून कामाला जात नाही, संध्याकाळी परत येत नाही. म्हणून या पुस्तकानंतर मी माधुरी पुरंदरे यांच्याकडे जाईन. लिहिणं आणि चित्रं काढणं दोन्ही त्यांच्याच हातचं, त्यामुळे शब्द जिथे थांबतो तिथून चित्र बोलू लागतं. ‘चित्रवाचन’ या त्यांच्या पुस्तकाने तर चित्रही वाचायचं असतं हे नावातच सांगून टाकलं आहे. 2014 मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला तो एकूण कामासाठी, आणि त्या कामात अगदी लहानांसाठी ‘राधाचं घर’ आहे. तिथे एक छोटी मुलगी आपल्या घरातल्या माणसांची ओळख आपल्या तोंडाने करून देते. अंकलिपीत मूल जगातल्या वस्तू ओळखतं. इथे ते आपली माणसं दुसऱ्याला ओळखीची करून देतं. अंगणवाडीत पहिल्या दिवशी ताई विचारणार असते तेच: घरी कोण कोण आहे गं? शेजारच्या आजींना मी हेच पुस्तक आणून देणार आहे, आणि त्यांना सांगणार आहे की उखळापाशी थांबता तसं इथेही प्रत्येक पानावर थांबा, नातीला तिच्या घरातली माणसं सांगू द्या, मुंबईला गेलेल्या काकासकट.