डिस्कला लगाम घालताना मोजायचं काय?

समजा एकाच डिस्कवर दोन प्रोग्रॅम चालू आहेत: बॅकअप आणि डेटाबेस. बॅकअपने डिस्क अडवून ठेवली की डेटाबेसच्या उत्तरासाठी थांबलेला माणूस ताटकळतो. यावर लिनक्स कर्नलमध्ये सी-ग्रुपची सोय आहे. प्रोग्रॅमचे गट करायचे आणि प्रत्येक गटावर मर्यादा घालायची. यातली सर्वात सोपी मर्यादा म्हणजे आयओ.मॅक्स, उदाहरणार्थ 'या गटाला सेकंदाला १० एमबीपेक्षा जास्त वाचू देऊ नको'. ऐकायला सरळ आहे, पण माझ्या मते ती भलतीच गोष्ट मोजते.

हिशोब करून बघा. ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद, आणि हेड सरकायला साधारण ८. एकूण १२. म्हणजे विखुरलेली वाचनं एकामागून एक केली तर सेकंदाला जेमतेम ८० होतात. प्रत्येक वेळी ४ केबी धरले, तर फक्त ३२० केबी! हीच डिस्क सलग वाचताना १५० एमबी देऊ शकते. आता ती १० एमबीची मर्यादा लावा. सलग वाचणारा बॅकअप डिस्कचा पंधरावा हिस्सा वापरून अडकतो. विखुरलेलं वाचणारा प्रोग्रॅम मात्र अख्खी डिस्क खातो, तरी मर्यादेच्या आसपासही पोचत नाही.

मग एमबीऐवजी विनंत्या मोजल्या तर? आयओ.मॅक्समध्ये तेही करता येतं. पण तिथे ४ केबीची विनंतीही एक आणि १ एमबीचीही एकच. शिवाय डिस्क रिकामी असली तरी मर्यादा हटत नाही.

पिठाच्या गिरणीत १० किलो गव्हाचा एक डबा आणि एकेक किलोचे दहा वेगवेगळ्या धान्यांचे डबे, वजन सारखंच. पण गिरणी किती वेळ अडकली ते बघा. डिस्कचंही तसंच, खरी वाटणी वेळेची असते.

हे ओळखून केलेलं काम म्हणजे आयओकॉस्ट. ते २०१९ मध्ये लिनक्स ५.४ मध्ये आलं आणि २०२२ च्या अ‍ॅस्प्लॉस परिषदेत मेटा आणि कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी त्यावर शोधनिबंध मांडला. वाचन की लेखन, सलग की विखुरलेलं, आकार किती, यावरून प्रत्येक विनंतीला डिस्कचा किती वेळ लागेल याचा अंदाज केला जातो आणि गटाच्या वजनानुसार वाटणी होते. एखाद्या गटाचा वाटा पडून असेल तर तो इतरांना मिळतो. मला हे एकक पटतं.

पण दोन ठिकाणी मी अडतो. पहिलं, या अंदाजासाठी प्रत्येक डिस्कचे सहा आकडे लागतात. मेटासारखी कंपनी आपल्या डिस्कचं प्रत्येक मॉडेल मोजू शकते. आपण ते मोजले नाहीत तर कर्नल ठरावीक तीन-चार प्रकारांपैकी एकाचे तयार आकडे घेतो.

दुसरं जास्त गंभीर आहे. एसएसडीमध्ये लेखनाची खरी किंमत नंतर कळते, जेव्हा ती आतल्या आत साफसफाई करायला लागते. तेव्हा प्रतिसाद मंदावतो आणि आयओकॉस्ट त्या डिस्कचा एकूण वेग खाली आणतं, पण सगळ्याच गटांसाठी. भरमसाट लिहिलं एकाने, भुर्दंड सगळ्यांना. वजनांचं प्रमाण टिकतं, पण डेटाबेसच्या वाट्याला आलेली भाकरीच लहान झालेली असते.

तरीही निवड करायची तर मी आयओकॉस्टच घेईन, डिस्क मोजून घेऊन. ग्राहकाला ठरावीक वेग विकला असेल तिथे आयओ.मॅक्स योग्यच आहे. शेजाऱ्याला वाचवायचं असेल तर ते पुरत नाही. आणि कुठलाही लगाम घातलात, तरी बॅकअपचे एमबी बघून समाधान मानू नका. डेटाबेसला उत्तर द्यायला किती मिलिसेकंद लागले, ते बघा.