वरून दिसणारा रस्ता

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या तटाशी उभं राहून खाली शहराकडे पाहावं. वळणावर येणाऱ्या टेम्पोवाल्याला पलीकडचा ट्रक दिसत नसतो, आपल्याला दिसत असतो. त्याने ब्रेक लावण्याआधी आपलाच पाय आवळला जातो. गाड्या वरून दाखवणाऱ्या व्हिडिओ गेमचं सारं सुख या क्षणात आहे, कारण तिथे चालवणारे आपण आणि तटावरून पाहणारेही आपणच. म्हणून असा कुठलाही गेम हातात आला की चित्रं किती सुंदर आहेत हे मी नंतर बघतो. पुढचा रस्ता किती दिसतो आणि जेवढा दिसतो तेवढ्यात हाताला काय करता येतं, हे आधी.

1974 साली अटारीने ‘ग्रॅन ट्रॅक 10’ आणला. मशिनला स्टिअरिंग, गिअर आणि पेडल होतं, आणि अख्खा ट्रॅक एकाच पडद्यावर दिसायचा. 1986 च्या ‘सुपर स्प्रिंट’मध्ये तीन स्टिअरिंग शेजारी शेजारी आली, तरी ट्रॅक पडद्याबाहेर गेला नाही. काही लपवलेलं नसताना खेळात रंगत कशी राहते, असं कुणी विचारलं तर मला आमच्या गावचं गाणं आठवतं. ग्वाल्हेर गायकीत बंदिशीचा स्थायी-अंतरा आधी पूर्ण मांडायची रीत आहे, विस्तार त्यानंतर. ऐकणाऱ्याला वाट ठाऊक असते, तरी प्रत्येक आवर्तनात गवई समेवर कसा येतो याकडे त्याचे कान लागलेले असतात. एका पडद्याच्या ट्रॅकवर दहावी फेरी मारताना नेमकं हेच होतं.

आमच्या पिढीला मात्र हा प्रकार उशिरा कळला. आम्हाला आधी भेटला तो सरकणारा रस्ता. नव्वदच्या दशकात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम आला. तेव्हा घराघरांत ‘समुराई’ नाहीतर ‘मीडिया’ असायचा. कॅसेटवर आकडे प्रचंड असायचे, आत गेम मोजकेच. त्यातला ‘गाडीवाला’ म्हणजे कोनामीचा ‘रोड फायटर’. मूळ आर्केडमधला 1984 चा, पण आमच्यासाठी तो त्या कॅसेटमध्येच जन्मला होता. चुलतभाऊ पुढे बसायचा आणि मी मागून ओरडायचो, “दादा, पेट्रोल बघ!”

आज तो पुन्हा खेळताना त्याची बांधणी किती नेटकी आहे ते कळतं. एका बटणाने गाडी बेताने चालते, दुसऱ्याने थेट ताशी 400 किलोमीटरपर्यंत जाते. पडद्याची उंची मात्र तेवढीच राहते. म्हणजे वेग वाढवला की पुढचा रस्ता बघायला मिळणारा वेळ आपोआप घटतो. हळू जावं तर पेट्रोल संपतं. ते भरायला रंगीत गाडीला मुद्दाम जाऊन भिडायचं. इतर गाड्यांचा धक्का लागला तर आपली गाडी एका बाजूला घसरू लागते आणि तत्क्षणी उलट वळवली तरच सावरते. ट्रकला मात्र माफी नाही. ती उलट वळवण्याची हालचाल विचार करून होत नाही, ती अंगठ्यात मुरावी लागते. माझ्या अंगठ्यात ती मुरायला उन्हाळ्याची अख्खी सुट्टी लागली होती, आणि बराच वेळ न आदळता गेलो की रस्त्याच्या कडेने उडत जाणारा माणूस दिसायचा, त्याला आम्ही सुपरमॅन म्हणायचो. तो कोनामी मॅन होता हे फार नंतर कळलं.

‘मायक्रो मशीन्स’ (1991) त्याहून गाजलेला, पण माझं मत त्याच्याबद्दल तेवढं चांगलं नाही. तो काढला इंग्लंडच्या कोडमास्टर्सने. 1986 साली डार्लिंग बंधूंनी ही कंपनी काढली आणि 1.99 पौंडांच्या स्वस्त कॅसेटवर ती वाढली. या प्रकारात स्वस्ताईची परंपरा इतकी जुनी आहे. कल्पना अफलातून होती: नखाएवढ्या गाड्या, न्याहारीचं टेबल, सांडलेलं दूध, बिलियर्डचं टेबल. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या लांबलचक टेबलावर रूळ घालून पाहुण्यांपुढे फिरणारी चांदीची आगगाडी पाहिलेल्या मुलाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. पण कॅमेरा गाडीच्या फार जवळ आहे. टेबलाची कड दिसते तोवर गाडी खाली पडलेली असते. म्हणजे वाट पाठ करा, मग जिंका. पाठांतराला कौशल्याचा मान देणं मला पटत नाही.

हा प्रश्न डंडीच्या डीएमए डिझाइनने 1997 च्या पहिल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’मध्ये सोडवला. गाडीचा वेग वाढला की कॅमेरा वर उचलला जातो आणि पुढचा रस्ता जास्त दिसतो. त्या गेमची चर्चा गुन्हेगारीवरून झाली, या साध्या शहाणपणाची फारशी झाली नाही.

आणि सगळ्यात गरीब नमुना? हातातला ब्रिक गेम. दहा रकाने, वीस ओळी, सात चौकटींची गाडी. ग्वाल्हेरच्या मेळ्यातून आणलेला तो गेम माझ्याकडे अजून आहे. 1905 साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेल्या या मेळ्याची ओढ मोठ्यांना असते ती खऱ्या गाड्यांची, कारण मेळ्यात घेतलेल्या गाडीवर रोड टॅक्सची सवलत मिळत आली आहे. बाबा स्कूटरच्या स्टॉलवर भाव विचारत होते तेव्हा माझी गाडी चौकटी चुकवत होती. वीसच ओळी, पण वरून येणारी गाडी पहिल्या ओळीपासून दिसायची. त्यात फसवणूक नव्हती.

आजच्या मोबाइलवरच्या बहुतेक फुकट गेमबद्दल मला हे म्हणता येत नाही, आणि माझा खरा राग तिथे आहे. मागच्या मेळ्यात भाचा असाच एक गेम खेळत होता. दर दोन धडकांनंतर जाहिरात, तीही पूर्ण बघायची. खेळाडू आदळला की जाहिरात दाखवता येते; म्हणजे तो आदळणं हेच गेमच्या फायद्याचं ठरतं. मग समोरची गाडी पडद्याच्या कडेवर अगदी शेवटच्या क्षणी उगवते. या कलेचा प्राण असलेली आगाऊ नजरच काढून घेतली जाते. स्वस्त आणि फुकट यांत हा फरक आहे. स्वस्ताईने या प्रकाराचं कधी नुकसान केलं नाही, उलट थोडक्यात भागवायला शिकवलं.

फुकट असूनही प्रामाणिक असा गेम म्हणजे डॅन व्होगटचा ‘डेटा विंग’ (2017). जाहिराती नाहीत, खरेदी नाही. दोन अंगठे, एक त्रिकोणी यान. भिंतीकडे पाठ करून तिला रेटा दिला की वेग मिळतो, आणि हे शिकवणी न घेता बोटांना उमगतं. थोडे पैसे मोजणाऱ्यांसाठी कॅनडाच्या फनसिलेक्टरचे ‘अब्सोल्यूट ड्रिफ्ट’ (2015) आणि ‘आर्ट ऑफ रॅली’ (2020) आहेत. दुसऱ्यात कॅमेरा उंच, मागून झुकलेला. गाडीचं मागचं अंग निसटताना तिचं वजन हाताला जाणवतं. माझ्या लेखी आज या प्रकाराची उंची तिथे आहे.

फिनलंडचं मात्र मला नवल वाटतं. रेमेडीचा पहिलाच गेम ‘डेथ रॅली’ (1996), जो त्यांनी पुढे फुकट वाटला, ‘स्लिक्स अँड स्लाइड’, ‘पाको’, आणि ‘जनरॅली’, हे सारे तिथलेच. बर्फावर घसरत गाडी शिकणाऱ्या देशाला घसरण्यातलं सौंदर्य आधी कळलं असावं.

आपल्या रस्त्यांचा गेम मात्र मला अजून भेटलेला नाही. ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याला वळसा घालणारी वर्दळ, सराफ्यातली गर्दी, मध्येच थांबलेली म्हैस, उलट बाजूने येणारा स्कूटरवाला: वरून पाहण्यासाठी याहून भरलेला रस्ता जगात कुठे असेल? ‘जनरॅली’ फुकट आहे, त्याला ट्रॅक घडवायचं साधन जोडलेलं आहे आणि जमिनीला चढउतारही देता येतात. भाच्याला घेऊन मी त्यात किल्ल्याच्या उरवाई दरवाजाचा चढ बांधायला घेतला. तिसऱ्या वळणावर त्याची गाडी खाली घरंगळली, तेव्हा तो म्हणाला, “मामा, इथून पुढचं सगळं दिसतंय, तरी जमत नाही!” आणि त्याने पुन्हा सुरुवात केली.