जावई, माहेरवाशीण, पर्यटक

कोकणावर मराठीत जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं कोकण सोडलेल्यांनी लिहिलेलं आहे. यात गैर काही नाही. बोटीत बसलेल्यालाच किनारा दिसतो. किनाऱ्यावर उभा असलेला माणूस दुसऱ्या कामात असतो. प्रश्न पुढचा आहे. सोडून गेलेला परत येतो, चार दिवस राहतो आणि त्या चार दिवसांवर लिहितो, तेव्हा तो कोण म्हणून लिहितो?

गेली काही वर्षं दिवाळी अंकांतून एक ठरावीक लेख वाचायला मिळतो. पहिल्या परिच्छेदात लेखक आपण मूळचे रत्नागिरीचे, गुहागरचे किंवा राजापूरचे असल्याचं सांगतो. मग लाल माती, पडवी, आजीच्या हातची पेज, चुलीचा धूर. मग होमस्टेमधलं जेवण. शेवटी कुलूप लागलेलं घर आणि दाटून आलेला गळा. या लेखाचा पहिला परिच्छेद रहिवाशाचा असतो आणि बाकी सगळा पर्यटकाचा. पहिल्या परिच्छेदाच्या जोरावर पुढच्या सगळ्याला अधिकार मिळतो, ही त्यातली खरी गोम. बाहेरचा कोणी हेच लिहिता तर आपण त्याला माहितीपत्रक म्हटलं असतं.

आपल्याकडे परत येणाऱ्याला नुसतं ‘पाहुणा’ म्हणून भागत नाही. जावई असतो, माहेरवाशीण असते, गणपतीला येणारा चाकरमानी असतो. यातल्या प्रत्येकाचा मान ठरलेला असतो आणि प्रत्येकाकडून काही अपेक्षाही असते. पर्यटक तेवढा असा, की पैसे चुकते केले की त्याचं कुणाला काही देणं उरत नाही. रत्नागिरीबद्दलचं चांगलं लेखन वाचताना मला वाटत आलं आहे, की लेखक यातली कुठली जागा घेतो आणि तिचं देणं मानतो की नाही, यावर त्या लेखनाचा कस ठरतो.

पु. ल. देशपांड्यांचा ‘अंतू बर्वा’ घ्या. ‘व्यक्ती आणि वल्ली’ १९६२चं. साहित्य अकादमीचा पुरस्कार १९६५चा. पण अंतूशेट पुस्तकातून जेवढे घराघरांत पोचले, त्याहून जास्त पुलंच्या आवाजातून पोचले. म्हणून एक गोष्ट ऐकताना निसटते. निवेदक रत्नागिरीचा नाही. १२ जून १९४६ रोजी पुलंचं लग्न रत्नागिरीतल्या सुनीता ठाकूर यांच्याशी झालं, आणि पहिल्या भेटीत, दुकानाच्या फळीवर, अंतूशेट त्याला ओळखतात ते वकिलांचा जावई म्हणून. त्याचं नाव, त्याचं लेखन, त्याची मुंबई यांतलं काही आधी येत नाही. आधी येतं नातं. तिथून पुढे तपासणी चालते ती निवेदकाची. केव्हा आलात, किती दिवस मुक्काम, मुंबईत कसं काय. प्रश्न अंतूशेट विचारतात आणि जावई उत्तरं देतो. बघायला आलेला माणूस बघितला जातो. हा लेख इतका टिकला याचं श्रेय तिरकस कोट्यांइतकंच या उलट्या रचनेलाही आहे.

घरात वीज का घेतली नाही याचं अंतूशेटांनी दिलेलं कारण सगळ्यांना पाठ आहे: उजेड पडला तर दिसायचं काय, तर गरिबी. ते हास्याच्या लाटेवरच ऐकलं जातं. पण ते वाक्य ज्याला सुनावलं जातं, तो दिव्यांच्या शहरातून चार दिवसांसाठी आलेला माणूस आहे. त्याला स्वस्तात कळवळा वाटू नये, याची व्यवस्था अंतूशेटांनी करून ठेवली आहे. छापील पानावर हे लक्षात येतं. भरलेल्या नाट्यगृहात मात्र जावयाची जागा प्रेक्षक घेतो, जावयाचा संकोच गळून पडतो, आणि अंतूशेट प्रदर्शनात ठेवलेले राहतात. मुंबई-पुण्याच्या दोन पिढ्यांनी रत्नागिरी अशी पाहिली.

त्याची किंमत एका उदाहरणावरून कळते. महात्मा गांधी रत्नागिरीकडे फिरकले नाहीत, कारण इथे सगळेच पंचेवाले, त्यांच्या पंचाचं कौतुक कुणाला, अशा अर्थाचं अंतूशेटांचं एक भाष्य आहे. भाष्य बहारदार आहे. फक्त गांधीजी रत्नागिरीला येऊन गेले होते. १९२७ साली ते आले आणि तिथे स्थानबद्ध असलेल्या सावरकरांना त्यांच्या घरी जाऊन भेटले. अंतूशेटांच्या तोंडी इतिहास चुकणं हा लेखाचा दोष नाही. आळीतल्या माणसाला कोटीपुढे इतिहास कस्पटासमान असतो, आणि ते पुलंनी नेमकं टिपलं आहे. दोष वाचणाऱ्यांचा आहे. आपण एका आळीला अख्खं गाव समजलो. भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं आणि १९३१ साली सर्व जातींसाठी उघडलेलं पतितपावन मंदिर त्याच गावात आहे. मिरकरवाड्याचं बंदर, राजिवड्याची मुसलमान वस्ती, भंडारी, कुळवाडी हे सारे मधल्या आळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, पण आपल्या मनातल्या रत्नागिरीत नाहीत. मनातल्या रत्नागिरीत चार-पाच म्हातारे पान जमवत बसलेले असतात.

लेखाच्या शेवटाबद्दलही बोलायला हवं, कारण सर्वांत जास्त उद्धृत होतो तोच. कोकणातल्या माणसांना फणसाची उपमा देणारं ते वाक्य. मला ते लेखातलं सर्वांत दुबळं वाक्य वाटतं. विलायतेला निघालेल्या जावयाला निरोप द्यायला म्हातारा अंगाऱ्याची पुडी घेऊन येतो, यात सगळं आलेलं असतं. त्यानंतर फणस कशाला? अंतूशेट नावाचा एक अवघड माणूस इतका वेळ समोर होता, तो त्या उपमेत एकदम ‘कोकणातली माणसं’ होऊन जातो. जाताना स्टँडवर घेतलेल्या आंबापोळीसारखं ते वाक्य पिशवीत सहज मावतं, आणि म्हणूनच ते घरोघर गेलं.

त्याच घरातून दुसरं पुस्तक आलं ते २८ वर्षांनी. सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली प्रसिद्ध झालं, गाजलं, आणि बहुतेकांनी ते पुलंबद्दल काय कळतं यासाठी वाचलं. संसाराच्या हिशेबावर एवढी चर्चा झाली, की त्यातल्या प्रदेशाकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. वास्तविक सुनीताबाई स्वतःच या पुस्तकाला आत्मचरित्र मानत नाहीत. आठवणींच्या मुलखातली भटकंती मानतात. रत्नागिरीचं वडलांचं घर आणि मालवणजवळचं धामापूर हे आजोळ (तेव्हा तेही रत्नागिरी जिल्ह्यातच, सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली) या दोन ठिकाणी ती भटकंती पुन्हा पुन्हा येते. धामापूरचं तळं आणि त्याच्या काठचं भगवतीचं देऊळ आज पर्यटनाच्या नकाशावर आहे. सुनीताबाईंच्या पानांवर ते तळं ‘बघायचं ठिकाण’ होत नाही. ते एका घराच्या शेजारी असतं, आणि त्या घरात माणसं असतात, नाती असतात, बायकांनी उपसलेली कामं असतात.

जावयाच्या रत्नागिरीत स्वयंपाकघर जवळजवळ नाहीच. असणार कसं? जावयाला पाटावर बसवतात, आत नेत नाहीत. त्याची रत्नागिरी ओटीवर आणि दुकानाच्या फळीवर घडते, म्हणून ती पुरुषांची आणि बोलण्याची आहे. माहेरवाशिणीला आतलं दार उघडं असतं, आणि आत गेल्यावर तिला दिसतो तो राबता. शिवाय माहेर तिचं असूनही तिचं नाही, हे तिला लग्नाच्या दिवसापासून शिकवलेलं असतं. त्यामुळे परत आल्यावर ‘माझं गाव’ असा दावा ठोकताना तिची जीभ जरा अडखळते. तो अडखळा मला मोलाचा वाटतो. सुनीताबाईंच्या गद्यात तो आहे. कोकणावरच्या लेखनाची चर्चा करताना ‘अंतू बर्वा’ आणि ही पानं शेजारी ठेवून वाचायला हवीत; तशी ती फारशी वाचली जात नाहीत, हे आपल्या समीक्षेचं आळशीपण.

श्री. ना. पेंडशांनी तिसरा मार्ग घेतला. १९१३ साली दापोलीजवळच्या मुर्डीत जन्म, लहानपणीच मुंबई, आणि पुढे नोकरी बेस्टमध्ये. ‘बेस्ट’चा इतिहासही त्यांनी लिहिला. हा मुंबईकर आपल्या कादंबऱ्यांत मुंबईहून आलेला माणूस म्हणून जवळपास कधीच उभा राहत नाही. ‘गारंबीचा बापू’ (१९५२) वाचताना आपण कुणाच्या भेटीला आलोत असं वाटत नाही. तिथे सुपारी विकायची असते, खोताशी आणि भाऊबंदांशी झुंजायचं असतं. निसर्ग सुंदर आहे हे सांगायला कुणाला सवड नसते. ‘रथचक्र’मध्ये तर नवरा घर सोडून गेल्यावर मागे राहिलेल्या बाईचीच गोष्ट आहे. निघून गेलेल्या लेखकाने मागे राहिलेल्यांची बाजू घ्यायची, हे देणं पेंडशांनी इमानाने फेडलं. त्याची एक मर्यादाही आहे. त्यांचं कोकण ते सोडून आले त्या काळापाशी रेंगाळतं. ‘तुंबाडचे खोत’ १९८७ साली आली ती चार पिढ्यांचा ऐवज घेऊन, पण १९८७च्या कोकणाविषयी तिला बोलायचं नव्हतं. आता मुर्डी-आसूदच्या बाजूला लोक गाड्या घेऊन जातात, केशवराजाच्या पायऱ्या चढतात आणि गारंबी शोधतात. कादंबरी वाचलेले त्यात थोडे असतील. पोफळींच्या सावलीत सगळ्यांचे फोटो सारखेच छान येतात.

२००१ आणि २०११ या दोन जनगणनांमध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, घटली. २०११ साली दर हजार पुरुषांमागे बायका होत्या १,१२२. महाराष्ट्रात मुली कमी म्हणून आपण चिंता करतो, आणि या जिल्ह्यात पुरुष कमी, कारण ते मुंबईत. ज्या गावाबद्दल गहिवरून लेख येतात ते गाव मुख्यतः बायका आणि म्हातारी माणसं चालवतात. आंब्याच्या बागा राखायला आणि बोटींवर खलाशी म्हणून नेपाळहून माणसं येतात, हंगामभर राहतात. रत्नागिरीत राहिलेल्यांच्या यादीत त्यांना कुणी धरत नाही. मग कुणाला धरायचं? दहावीपर्यंत तिथे राहून मग तीस वर्षं बाहेर असलेल्याला?

हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो, कारण मी त्यातलाच. आमचं घर भाड्याचं होतं, ते कधीच सुटलं. आता रत्नागिरीला गेलो की लॉजवर उतरतो. गेल्या खेपेला रिक्षावाल्या दादांनी विचारलं, ‘पहिल्यांदाच आलात?’ मी नाही म्हणालो नाही, आणि त्यांनी मला गाव दाखवलं: टिळकांचं जन्मस्थान, थिबा राजवाडा, पतितपावन, भगवती किल्ला, मांडवी, भाट्याचा किनारा. ही यादी वाईट नाही. उलट तिच्यात एक गंमत आहे. टिळक दहा वर्षांचे असताना पुण्याला गेले. थिबा ब्रह्मदेशातून १८८६ साली इथे आणला गेला आणि १९१६ साली इथेच वारला. राजवाडा त्याला मिळाला तो मरणाआधी जेमतेम सहा वर्षं. सावरकर १९२४ ते १९३७ स्थानबद्ध. म्हणजे गाव जे अभिमानाने दाखवतं ते निघून गेलेल्यांचं आणि मनाविरुद्ध आणून ठेवलेल्यांचं आहे. खुशीने, जन्मभर राहिलेल्या कुणाचं स्मारक त्या फेरीत लागलं नाही. दादा मात्र बोलता बोलता आपलं घर मिऱ्याला असल्याचं, दर पावसाळ्यात समुद्र बंधारा खात असल्याचं सांगत होते. ते यादीत नव्हतं.

परतून लिहिणाऱ्यांच्या लेखांतही ते नसतं. सडा नसतो, कारण सड्यावर फोटो काढण्यासारखं वर्षातले दहा महिने काही नसतं. एप्रिल २०२३ मध्ये राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा भर उन्हात रस्त्यावर आडव्या झालेल्यांत गावातल्या बायका पुढे होत्या. मग सड्याला एकदम वाचक मिळाले. मुंबई-पुण्यातून ‘आमचं कोकण वाचवा’ म्हणणारे निघाले, तसेच ‘आमच्या कोकणाला विकास हवा’ म्हणणारेही. प्रकल्पाबद्दल मत काहीही असो. दोन्हीकडच्या ‘आमच्या’ या शब्दावर मला अडायला होतं. हाच तो दिवाळी अंकातला पहिला परिच्छेद. तिथे तो निरुपद्रवी वाटतो. इथे मात्र जमीन कुणाची राहणार याच्या वादात तो साक्षीदार म्हणून उभा राहतो, आणि त्या साक्षीदाराने ती जागा शेवटची कधी पाहिली हे कुणी विचारत नाही.

म्हणून मला हल्लीच्या या लेखांकडून एकच माफक मागणी करावीशी वाटते: निवेदक कुठे उतरला होता ते सांगावं. सख्ख्या काकांकडे, मोडकळीला आलेल्या घरात, की न्याहारी-निवास योजनेतल्या वातानुकूलित खोलीत? जेवण कुणी रांधलं, त्याचे पैसे किती झाले, ते द्यायला आढेवेढे घेतले का? पुलंच्या निवेदकाने आपण जावई आहोत हे लपवलं नाही, आणि त्यामुळेच अंतूशेटांना त्याला पेचात पकडता आलं. निवेदकाने आपली खोली लपवली की त्याला पेचात पकडणारं कुणी उरत नाही.

एक पुस्तक अजून आलेलं नाही, किंवा आलं असेल तर माझ्या वाचनात नाही: पाहुण्यांच्या खोल्या झाडणाऱ्या, मोदक वळणाऱ्या, आणि ‘आम्ही मूळचे इथलेच हो’ हे वाक्य मे महिन्यात दिवसातून तीनदा ऐकणाऱ्या बाईने लिहिलेलं. तिला लिहायला वेळ जूनमध्ये मिळू शकेल, पण जूनमध्ये लावणी असते.