साठ शब्दांचे एक वाक्य

दिवाळीच्या अंकात कायद्याच्या एका कलमावर टीकालेख लिहायला बसलो आहे, याची वाचकांनी धास्ती घेऊ नये. कादंबऱ्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला मात्र गेली काही वर्षे इंग्रजी गद्यातले एकच वाक्य छळते आहे. ते साठ शब्दांचे आहे. १४ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेच्या काँग्रेसने ते संमत केले, आणि त्याच्या आधाराने माणसे दूरदूरच्या देशांत जाऊन मेली, मारली गेली. एवढा परिणाम करणारे वाक्य या पाव शतकात कोणा कादंबरीकाराच्या लेखणीतून उतरले असेल असे मला वाटत नाही. मग त्याची चिकित्सा वाङ्मयाच्या अंगाने का करू नये? कायदा मी शिकलेलो नाही. माझी मजल मॅट्रिकपर्यंतची. पण कर्ता, कर्म, क्रियापद पोरांना रोज शिकवतो, आणि या कामी तेवढी शिदोरी पुरावी.

मुळात अमेरिकेच्या घटनाकारांना क्रियापदाची जाण मोठी होती. १७८७ साली फिलाडेल्फियाला जो मसुदा पुढे आला, त्यात काँग्रेसला ‘युद्ध करण्याचा’ अधिकार दिलेला होता. १७ ऑगस्ट रोजी मॅडिसन आणि गेरी या दोघांनी सुचवले की ‘करणे’ काढून ‘पुकारणे’ घालावे. अचानक हल्ला झाला तर तो परतवायला राष्ट्राध्यक्ष मोकळा राहावा. पण आपण होऊन युद्धात उतरायचे, तर तो शब्द लोकांच्या प्रतिनिधींच्या तोंडून निघावा, हा त्यातला हेतू. एका क्रियापदाच्या अदलाबदलीत केवढा विवेक! या विवेकाला धरून लिहिलेला मजकूर कसा असतो, ते ८ डिसेंबर १९४१ च्या जपानविरुद्धच्या ठरावात दिसते. शत्रूचे नाव त्यात स्वच्छ लिहिले आहे. विरोधात एकच मत पडले, जेनेट रँकिनबाईंचे. ते मत आपल्याला पटो वा न पटो, ते कशाविरुद्ध आहे हे कोणालाही कळते.

१९४२ नंतर मात्र अमेरिकेने युद्ध पुकारणेच सोडून दिले. लढाया चालू राहिल्या, शब्द तेवढा गेला. १९५० साली कोरियात फौजा उतरल्या, तेव्हा ती ‘पोलिसी कारवाई’ आहे असे म्हणणे ट्रूमन यांनी मान्य केले. १९६४ च्या ऑगस्टात टोंकिनच्या आखातात आपल्या जहाजांवर दोनदा हल्ला झाला असे सांगून जॉन्सन यांनी काँग्रेसकडून ठराव करून घेतला. खालच्या सभागृहात ४१६ विरुद्ध शून्य, वरच्या सभागृहात ८८ विरुद्ध २. त्यातला दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे उघडकीस आले. हा ठराव म्हणजे आजीचा झगा आहे, त्यात सगळेच झाकते, असे खुद्द जॉन्सन म्हणाल्याचे सांगतात. टीकाकार म्हणून मी याहून नेमके काही लिहू शकेन असे वाटत नाही! त्या झग्याखाली व्हिएतनामचे सारे युद्ध मावले. पुढे १९७३ साली निक्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने कायदा केला: फौज लढाईत गेल्यापासून साठ दिवसांत संमती मिळाली नाही, तर ती मागे घ्यावी. २०११ मध्ये लिबियावर बाँब पडत असताना ते साठ दिवस उलटले. तेव्हा ओबामांच्या सरकारने सांगितले की, जमिनीवर आमचे सैनिक नाहीत, आमच्या माणसांना फारसा धोका नाही, सबब कायद्यात म्हटली आहे ती ही ‘लढाई’च नव्हे. खालच्या माणसाला तो अर्थ कसा कळावा?

आता ते साठ शब्द. वाक्याचा कर्ता राष्ट्राध्यक्ष. त्याने काय करायचे? आवश्यक व योग्य ते सर्व बळ वापरायचे. कोणाविरुद्ध? ज्या राष्ट्रांनी, संघटनांनी किंवा व्यक्तींनी ११ सप्टेंबरचा हल्ला योजला, घडवला, त्याला साहाय्य केले, किंवा असल्यांना आसरा दिला ‘असे तो ठरवील’, त्यांच्याविरुद्ध. सगळी मेख या ‘तो ठरवील’मध्ये आहे. वाक्याचे कर्म कोण, हे कर्त्यानेच ठरवायचे! देशाचे नाव नाही, माणसाचे नाव नाही, मुदत नाही. पूर्णविराम आहे, पण तो छापखान्यातला. अर्थाला पूर्णविराम नाही.

काँग्रेसच्या पदरात एक श्रेय टाकलेच पाहिजे. व्हाइट हाउसकडून आलेल्या पहिल्या मसुद्यात पुढच्या कोणत्याही दहशतवादाला आधीच रोखण्याचा अधिकारही मागितला होता, तो सभासदांनी काढून टाकला. पण दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवावी तसे झाले. अफगाणिस्तानासाठी केलेले वाक्य येमेन, सोमालियापर्यंत पोचले. २०१४ साली ते ‘इस्लामिक स्टेट’लाही लावण्यात आले, वास्तविक त्या संघटनेची आणि अल्-कायदाची त्याच वर्षी काडीमोड झालेली होती. २०२१ मध्ये शेवटचा अमेरिकन सैनिक काबूलहून निघाला, तेव्हाही वाक्य कायद्यात तसेच होते.

त्या दिवशी वरच्या सभागृहात विरोधी मत नव्हते. खालच्या सभागृहात ४२० विरुद्ध एक. तो एक आकडा म्हणजे कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली, एका लष्करी अधिकाऱ्याची मुलगी. त्यांचे भाषण दोनएक मिनिटांचे. त्याच दिवशी चर्चमधल्या शोकसभेत ऐकलेल्या धर्मगुरूच्या शब्दांचा त्यांनी आधार घेतला. ज्याचा तिटकारा करतो तेच आपण होऊ नये, असा त्याचा आशय. बोलताना आवाज कापत होता. आवेश नाही, टाळीचे वाक्य नाही; क्षणभर थांबून परिणामांचा विचार करा, एवढेच मागणे. ठार मारण्याच्या धमक्या आल्या, पहारा ठेवावा लागला. त्या साठ शब्दांशेजारी हे भाषण ठेवून वाचले, की चांगले गद्य कोणते हे सांगायला समीक्षक लागत नाही.

परक्या घराचे वासे मोजताना आपल्या घराकडेही पाहावे. फौज परदेशी धाडण्यापूर्वी संसदेचे मत घ्यावे, असे कलम आपल्या राज्यघटनेत नाही. १९८७ साली शांतिसेना श्रीलंकेत गेली ती संसदेच्या आगाऊ मतदानाशिवाय. हजाराहून अधिक जवान तिकडेच राहिले. त्याआधीची गोष्ट तर परक्या राज्याची. १९१६ साली इराकात कूटच्या वेढ्यात मराठा पलटणींतले जवान अन्नावाचून अडकले होते. त्यांना तिकडे नेताना त्यांच्या आईबापांच्या कोणा प्रतिनिधीला कोणी विचारले नव्हते.

त्याच इराकवर अमेरिकेने हल्ला केला, तेव्हा एप्रिल २००३ मध्ये आपल्या लोकसभेने एक ठराव केला. अध्यक्ष होते मनोहर जोशी. सारी घासाघीस एका शब्दावर झाली. सरकारला सौम्य शब्द हवा होता, विरोधकांना तिखट. हिंदीतल्या ‘निंदा’ने दोघांचीही सोय लावली. मला त्या घासाघिशीचे हसू येत नाही. एका शब्दासाठी सभागृह अडून बसले, हे ऐकून बरेच वाटते. पुढे अमेरिकेने इराकसाठी भारतीय फौज मागितली, आणि १४ जुलै २००३ रोजी आपण नकार दिला. तो नकार मात्र मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीचा होता. होकार द्यायचा असता, तरी कायद्याने तेवढी एक खोली पुरेशी होती.