विद्यापीठीय प्रयोगशाळेतील कर्मचारी-सुरक्षा : एक चिकित्सा

विद्यापीठ हे ज्ञाननिर्मितीचे केंद्र असले, तरी तेथील प्रयोगशाळा ही कर्मचाऱ्याच्या दृष्टीने कामाची जागा असते, याचा विसर पडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील रसायनशास्त्र प्रयोगशाळेत २९ डिसेंबर २००८ रोजी हवेच्या संपर्काने पेट घेणारे टर्शरी-ब्यूटिललिथियम सिरिंजमधून सांडले. ॲप्रन न घातलेली २३ वर्षीय संशोधन सहायिका गंभीर भाजली व १८ दिवसांनी मरण पावली. त्याच प्रयोगशाळेच्या ऑक्टोबरमधील अंतर्गत तपासणीत ॲप्रन न वापरण्याची त्रुटी नोंदविली गेली होती. तिचे निराकरण मात्र झाले नव्हते. त्यामुळे सर्व दोष कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणावर ढकलणे असमर्थनीय ठरते. त्रुटी दूर होईपर्यंत धोकादायक काम न थांबविणारी तपासणी ही सुरक्षाव्यवस्था नसून केवळ दप्तरी नोंद होय.