‘घड्याळ मंदावते’ : एका रूपकाची परीक्षा

वार्धक्य आणि मेदाचे चयापचय यांविषयीच्या मराठी लेखनात ‘वयपरत्वे शरीरातील घड्याळ मंदावते’ या धर्तीचे विधान वारंवार भेटते. ते सुबोध आहे. यथार्थ मात्र नाही.

लयीचे तीन गुण परस्परांहून भिन्न होत : एका आवर्तनास लागणारा काल, चढउताराचा आयाम आणि शिखराची वेळ. ‘मंदावणे’ हे क्रियापद केवळ पहिल्याविषयी बोलते. आणि नेमका तोच वार्धक्यात टिकतो. चार्ल्स साइस्लर व त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली दाखविले की, तरुण काय किंवा वृद्ध काय, दोघांचाही अंतर्गत आवर्तनकाल सरासरी सुमारे २४ तास ११ मिनिटे असतो. उलट वृद्ध उंदरांच्या मेंदूतील लयकेंद्राचा आयाम घटतो, आणि वृद्ध माणसाच्या झोपेची वेळ अलीकडे सरकते. या तिन्ही गोष्टी एकाच क्रियापदात कोंबल्या की विचारही गोंधळतो.

मेदाच्या बाबतीत हा गोंधळ अधिक बाधक ठरतो. ‘चयापचय’ या द्वंद्व समासात चय आणि अपचय जोडीने नांदतात. शरीर मात्र त्यांना निरनिराळ्या वेळा वाटून देते. उंदराच्या यकृतात दिवसा, म्हणजे त्याच्या विश्रांतिकाली, ‘एचडॅक-३’ हे विकर मेद घडविणाऱ्या जनुकांना आवर घालते. ते नाहीसे केल्यास यकृतात मेद साचतो, असे २०११ साली आढळले. येथे प्रश्न वेगाचा नसून वेळेच्या वाटणीचा आहे.

ही वाटणी वार्धक्यात कशी बदलते? २०१७ साली ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, वृद्ध उंदरांच्या यकृतातील मूळ घड्याळ-जनुके बव्हंशी लयीत चालू होती; परंतु त्यांच्या तालावर चालणारी जनुके बदलली होती. प्रथिनांवर ॲसिटिल गट चढण्या-उतरण्याची दैनिक लय लोपली होती. उष्मांक घटविलेल्या आहाराने ती परतली. तात्पर्य, घड्याळ चालते; त्याचे ऐकणारे बदलतात. उंदरांवरील हे निष्कर्ष माणसास जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे उघड आहे.

सामान्य वाचकास एवढा सूक्ष्म भेद कशास हवा, असा आक्षेप येईल. परंतु ‘मंदावले’ म्हटले की झिजलेल्या यंत्राचे चित्र उभे राहते, आणि आहाराची मात्रा व वेळ हा विचारच खुंटतो. सबब रूपक टाकून देण्याचे कारण नाही. ‘आवर्तनकाल’, ‘आयाम’ व ‘शिखरवेळ’ या संज्ञा वेगळ्या राखून ते वापरावे, एवढेच.